चकोल्या आणि चान्या : एका भांड्याचा दुहेरी इतिहास

'सूप' हा शब्द हॉटेलच्या मेन्यूकार्डावरून आपल्याकडे आला, अशी आज सर्वसाधारण समजूत आहे. संस्कृतात मात्र 'सूप' म्हणजे वरण आणि 'सूपकार' म्हणजे आचारी. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे मराठीतले आरंभीचे छापील पाकपुस्तक १८७५ साली 'सूपशास्त्र' या नावाने निघाले, ते याच अर्थाने. इंग्रजी 'सूप' आणि संस्कृत 'सूप' हे दोन वेगळ्या भाषांतले शब्द.  परंतु दोन्हीकडची क्रिया एकच आहे : डाळ, धान्य किंवा मांस भरपूर पाण्यात शिजवायचे, त्याचा कस पाण्यात उतरवायचा आणि त्या पाण्यासकट ते खायचे.

युरोप-अमेरिकेतील घरांत हिवाळ्यात होणारे बीफ आणि पास्त्याचे सूप हे या क्रियेचे भरभक्कम उदाहरण म्हणता येईल. जाड बुडाच्या एका पातेल्यात मांसाचे तुकडे कांद्या-लसणाबरोबर परतायचे, टोमॅटो, गाजर, घेवडा घालून मंद आचेवर तास-दोन तास उकळायचे आणि शेवटच्या दहा-बारा मिनिटांत त्यातच मॅकरोनीसारखा पास्ता शिजवून घ्यायचा. वेगळी पोळी नको, वेगळा भात नको. एक भांडे उतरवले की घरातल्या सर्वांचे जेवण तयार. मेजवानीचा थाट त्यात नाही. कामावरून दमून आलेल्या माणसांचे ते जेवण आहे.

असा पदार्थ आपल्या धाराशिव जिल्ह्यात आहे काय? या प्रश्नाचा विचार करू लागल्यावर आमच्या लक्षात आले, की त्याचे दोन्ही अर्धे भाग येथे पूर्वापार आहेत. पिठाचे तुकडे उकळत्या रसात सोडून शिजवणे येथील घराघरांत चालते. मोठ्याच्या मांसाचा पातळ रस्साही येथील कित्येक घरांत पिढ्यान्‌पिढ्या होत आला आहे. मात्र हे दोन अर्धे वेगवेगळ्या वस्त्यांत, वेगवेगळ्या चुलींवर वाढले. त्यांतल्या एकाची नोंद पाकपुस्तकांत झाली, तर दुसऱ्याची व्हायला एकविसावे शतक उजाडावे लागले. असे का झाले, याचा शोध घेण्याचा हा प्रयत्न आहे.

पिठाचा अर्धा भाग

बालाघाटाच्या रांगांवर आणि त्यांच्या उतारांवर पसरलेला हा जिल्हा पर्जन्यछायेचा. येथील मुख्य धान्य म्हणजे रब्बीची ज्वारी. गव्हाची पोळी ही बहुसंख्य घरांत सणासुदीची गोष्ट होती. तरीही जो थोडाफार गहू कोरडवाहू काळ्या जमिनीत पिके, त्याचा विचार येथे महत्त्वाचा ठरतो. दख्खनमधला जुना 'बन्सी' गहू हा कठीण दाण्याचा, आणि इटलीत पास्त्यासाठी जी गव्हाची प्रजाती वापरतात तिचाच. 'खपली' हा त्याचा आणखी जुना भाऊबंद. दोन्हींचा रवा चिवट असतो. त्याची तार निघते आणि ती वाळवल्यावर टिकते. इद्रिसी या अरब भूगोलकाराने ११५४ साली सिसिलीतल्या त्राबिया गावाचे वर्णन करताना तेथे बनणाऱ्या आणि परदेशी रवाना होणाऱ्या 'इत्रिया' या वाळवलेल्या पिठाच्या शेवयांचा उल्लेख केला आहे. म्हणजे कठीण गहू, कोरडी हवा आणि कडक ऊन जेथे एकत्र आले, तेथे माणसाला साधारण एकच युक्ती सुचलेली दिसते.

आपल्याकडे उन्हाळ्यात पाटावर शेवया होत. लग्नघरी त्यांच्या जोडीला नखुल्या, बोटवे, मालत्या, गव्हले होत. नावे पाहावीत : नखाने वळवलेल्या त्या नखुल्या, बोटाने वळलेले ते बोटवे, गव्हाच्या दाण्यासारखे दिसणारे ते गव्हले. इटलीतल्या पास्त्याच्या आकारांची कौतुकाने यादी करणाऱ्यांनी आपल्या रुखवतावरची ही यादीही एकदा वाचायला हरकत नाही. ज्या बायकांनी ती हाताने घडवली, त्यांना त्यात कला वगैरे दिसली नसेल. पावसाळ्यापूर्वीच्या कामांपैकी ते एक काम होते.

शेवया आणि गव्हले बहुतेककरून खिरीत गेले. रोजच्या तिखटमिठाच्या भांड्यात आल्या त्या चकोल्या आणि शेंगोळे. चकोल्यांनाच इतरत्र वरणफळे म्हणतात. कणीक घट्ट मळून पोळी लाटायची, शंकरपाळ्यांसारखे तुकडे कापायचे आणि खळखळ उकळणाऱ्या पातळ आमटीत एकेक करून सोडायचे. शेंगोळ्यांना हुलग्याचे पीठ लागते. त्यात लसूण, जिरे, तिखट, मीठ घालून घट्ट गोळा मळतात, तळहातांमध्ये बोटभर लांबीच्या वळ्या करतात, त्यांची टोके जुळवून कडी करतात आणि लसणाची फोडणी दिलेल्या आधणात शिजवतात. त्याच पिठाचा थोडासा भाग पाण्यात कालवून वरून ओततात, म्हणजे रस दाटसर होतो. दोन्ही पदार्थांत मर्म एकच : आधण उकळत असले पाहिजे. कोमट पाण्यात तुकडे पडले की पीठ सुटते आणि भांड्यात खळ उरते. मॅकरोनी सूपात शेवटी का घालायची, याचे उत्तरही हेच आहे.

या पदार्थांच्या मुळाशी चवीइतकीच सरपणाची टंचाई आहे. तुरीच्या तुराट्या, कापसाच्या पऱ्हाट्या आणि शेणाच्या गोवऱ्या एवढेच जळण. शेतातून अंधार पडता पडता परतलेल्या बाईला आमटीसाठी एकदा आणि भाकरीसाठी पुन्हा एकदा चूल पेटती ठेवायची नसेल, तर भाकरीचे काम आमटीतच उरकून घ्यावे लागे. चकोल्या हे त्या गरजेचे उत्तर होय.

मांसाचा अर्धा भाग

दुसऱ्या अर्ध्या भागाकडे वळताना प्रथम शब्दांची स्पष्टता हवी. येथे बोलीत 'मोठ्याचे' म्हणजे गाय, बैल किंवा म्हैस यांचे मांस आणि 'बारक्याचे' म्हणजे शेळी-बोकडाचे. हा फरक केवळ जनावराच्या आकाराचा नाही. बारक्याला प्रतिष्ठा आहे. उस्मानाबादी शेळी ही जात देशभर याच जिल्ह्याच्या नावाने ओळखली जाते, आणि तुळजापूरला भवानीच्या नवरात्रात अजाबळी दिला जातो. मांसाहाराचे वावडे या प्रदेशाला कधीच नव्हते. शेजारच्या बिदर जिल्ह्यातल्या कल्याणी येथे, म्हणजे आजच्या बसवकल्याणला, बाराव्या शतकात चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लासा'त राजाच्या भोजनाचे प्रकरण आहे. त्यात डाळी आणि मांडे यांच्या जोडीने मांसाच्या पाककृती तपशीलवार दिल्या आहेत. वावडे होते ते मोठ्याचे, आणि त्याहूनही अधिक ते खाणाऱ्या माणसांचे.

बलुतेदारीच्या व्यवस्थेत गावातले मेलेले जनावर ओढून नेणे हे महारांवर लादलेले काम होते आणि त्या जनावराचे मांस हा त्या कामाचा मोबदला मानला जाई. एका बैलाचे मांस एका दिवसात संपत नसे. वाटे पडत, आणि उरलेल्याच्या लांबट पट्ट्या कापून, मीठ लावून त्या दोरीवर वाळत घालत. त्याच चान्या. कडक उन्हात वाळलेल्या चान्या गाडग्यात भरून ठेवायच्या आणि पावसाळ्यात, काम आणि धान्य दोन्ही संपलेले असताना, बाहेर काढायच्या. निखाऱ्यावर भाजून भाकरीबरोबर खायच्या, नाहीतर भिजवून, उकळून त्यांचे कालवण करायचे. तेल नसे, मांसाची चरबीच तेलाच्या जागी. मसाला म्हणजे मीठ, तिखट आणि असलाच तर लसूण. त्या रश्श्यात ज्वारीची भाकरी कुस्करली की जेवण झाले. नीट पाहिले तर हेही धान्य आणि रस यांचे एकत्र जेवणच आहे. फरक इतकाच, की पिठाचे तुकडे भांड्यात पडण्याऐवजी भाकरी ताटलीत कुस्करली जाते.

हे मांस रश्श्याचेच का होई, यालाही कारण आहे. आयुष्यभर नांगर आणि गाडी ओढलेल्या बैलाच्या स्नायूंत चिवट संयोजी ऊती फार असतात. असे मांस तव्यावर परतले तर चामड्यासारखे होते. पाण्यात मंद आचेवर दीर्घकाळ ठेवले तर त्या ऊतींचे जिलेटिन होते, मांस मऊ पडते आणि रसाला दाटपणा येतो. युरोपातील सूपाचा इतिहासही याच वाटेने जातो. मांसाचे कोवळे तुकडे श्रीमंतांच्या सळईवर गेले आणि पिंढरी, मान, हाडे गरिबांच्या पातेल्यात आली.

गहू आणि मांस जेथे भेटले

या दोन भांड्यांच्या मध्ये एक तिसरे भांडे आहे, त्याचा उल्लेख केला नाही तर चित्र अपुरे राहील. १९४८ पर्यंत हा जिल्हा हैदराबाद संस्थानात होता. त्याचे उस्मानाबाद हे नावही सातवा निजाम मीर उस्मान अली खान याच्यावरून पडलेले. त्याआधी परंडा आणि नळदुर्ग या किल्ल्यांवर दख्खनच्या सुलतानांची सत्ता होती. येथील मुस्लिम घरांत मोहरमच्या दिवसांत होणारा खिचडा म्हणजे गहू, डाळी आणि मांस एकाच देगेत तासन्‌तास शिजवून घोटलेला पदार्थ. दहाव्या शतकात बगदादला लिहिलेल्या इब्न सय्यार अल्-वर्राक याच्या पाकग्रंथात गहू आणि मांसाच्या 'हरीसा'च्या कृती आहेत. 'आईन-इ-अकबरी'त हरीसा आणि हलीम दोन्ही आहेत, आणि हैदराबादच्या हलीमला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळाले.

म्हणजे गहू आणि मांस एका भांड्यात शिजवण्याचे तंत्र या जिल्ह्याला अपरिचित नव्हते. एका आळीत ते देगेत शिजत होते, दुसऱ्या आळीत चकोल्या उकळत होत्या आणि गावकुसाबाहेर चान्यांचा रस्सा होत होता. आमच्या मते या तिन्हींना वेगळे ठेवले ते जिभेने नव्हे. पंगती कोणाच्या, पाणी कोणाचे आणि भांडे कोणाचे, या प्रश्नांनी ठेवले.

नोंद आणि नकार

मुद्रित मराठीत जे स्वयंपाकाचे वाङ्मय तयार झाले, ते लेखन-वाचन ज्यांच्या हाती होते त्यांच्या स्वयंपाकघरातून आले. गुप्ते यांच्या 'सूपशास्त्रा'पासून लक्ष्मीबाई धुरंधरांच्या 'गृहिणी-मित्रा'पर्यंत आणि कमलाबाई ओगले यांच्या १९७० सालच्या 'रुचिरा'पर्यंत ही परंपरा सलग दिसते. तिचे मोल आम्ही कमी लेखत नाही. परंतु चान्यांना तिच्यात जागा नव्हती. ती जागा प्रथम दलित आत्मकथनांनी निर्माण केली. दया पवारांचे 'बलुतं' १९७८ साली आले, आणि त्यानंतरच्या लेखनातून भूक, मांसाचे वाटे, वस्तीतली चूल मराठी वाचकासमोर आली. तेथे अन्न आले ते आठवण म्हणून, वेदना म्हणून. पाककृती म्हणून, एक ज्ञान म्हणून त्याची मांडणी व्हायची होती. पुणे विद्यापीठाच्या क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले स्त्री अभ्यास केंद्राने २००९ साली दलितांच्या अन्नस्मृतींवर एक इंग्रजी संकलन काढले. त्यानंतर शाहू पाटोळे यांचे 'अन्न हे अपूर्णब्रह्म' आले. पाटोळे याच जिल्ह्याचे. मराठवाड्यातील महार आणि मांग समाजांच्या खाद्यसंस्कृतीची पाककृतींसह केलेली ही मांडणी मराठीत नवी होती. तिचा इंग्रजी अनुवाद २०२४ साली प्रसिद्ध झाला आणि देशभर त्याची चर्चा झाली. पुस्तकाच्या नावात 'पूर्णब्रह्मा'च्या जागी जो एक 'अ' आला आहे, त्यात दीडशे वर्षांच्या पाकपुस्तकांवरची टीका सामावली आहे.

येथे एक अडचणीचा प्रश्न उभा राहतो. चान्यांचा हा रस्सा 'आपला विस्मृत वारसा' म्हणून गौरवावा काय? आज खाद्यमहोत्सवांत आणि वाहिन्यांवर असा गौरव सहज होतो. परंतु हा रस्सा ज्यांचा, त्यांच्यातल्याच एका पिढीने तो जाणीवपूर्वक टाकून दिला होता, हे विसरता येत नाही. १९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला भरलेल्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मृत जनावराचे मांस सोडण्याचे आवाहन केले. १९२८ साली त्यांनी मुंबई कायदे मंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती सुचवणारे विधेयक मांडले, कारण ओढकाम आणि वतन या एकाच साखळीच्या कड्या होत्या. फेब्रुवारी १९४१ मध्ये याच जिल्ह्यातल्या कसबे तडवळे येथे महार-मांग वतनदार परिषद भरली, तिला बाबासाहेब स्वतः आले होते. १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या अस्पृश्यांविषयीच्या इंग्रजी ग्रंथात त्यांनी अस्पृश्यतेच्या उगमाचा संबंध गोमांसभक्षणाशी जोडून दाखवला. पुढे १९५६ च्या धर्मांतरानंतर कित्येक घरांतून चान्यांची दोरी कायमची उतरली.

तो नकार चवीला नव्हता. मोबदल्याच्या नावाखाली पदरात टाकलेल्या अन्नाला, आणि त्यामागच्या हुकमाला तो होता. म्हणून या पदार्थाचा इतिहास लिहिताना दोन गोष्टी एकत्र सांभाळाव्या लागतात. एक, जे हाती आले त्यातून वर्षभराची बेगमी करणाऱ्या बायांचे कौशल्य. दोन, तेच अन्न नाकारणाऱ्या माणसांचा स्वाभिमान. केवळ पहिली गोष्ट सांगितली तर जातीचा जाच चवीच्या कौतुकात झाकला जातो. केवळ दुसरी सांगितली तर त्या बायांचे ज्ञान पुन्हा एकदा नोंदीबाहेर राहते.

वर्गात हे फार स्पष्ट दिसते. 'आमच्या घरचा पदार्थ' या विषयावर लिहायला सांगितले, की पुरणपोळी, शेंगोळे, येसर आमटी यांवर भरभरून लिहिले जाते. काही वह्यांत मात्र ओळखीचीच पुरणपोळी उसन्या शब्दांत येते. त्या घरी पुरणपोळी होत नसेल असे नाही. परंतु आजीच्या ज्या पदार्थाबद्दल त्या मुलाला खरोखर काही सांगता आले असते, तो वहीत उतरत नाही. पदार्थ लपवायला शिकलेले मूल आपली भाषाही लपवू लागते, असा आमचा अनुभव आहे. मराठी शिकवणाऱ्यांनी याची काळजी करायला हवी असे वाटते.

कायदा आणि आजचे पातेले

आज हे सूप महाराष्ट्रात घरी करायचे तर प्रथम कायदा पाहावा लागतो. १९७६ च्या राज्य कायद्याने गाईच्या कत्तलीस बंदी होती. बैल आणि वळू यांनाही ती लागू करणारी दुरुस्ती विधिमंडळाने १९९५ साली संमत केली आणि राष्ट्रपतींच्या संमतीनंतर ती मार्च २०१५ मध्ये अमलात आली. मुंबई उच्च न्यायालयाने ६ मे २०१६ च्या निकालात कत्तलबंदी कायम ठेवली; मात्र राज्याबाहेर कायदेशीरपणे कापलेल्या जनावराचे मांस जवळ बाळगणे हा गुन्हा ठरवणारे कलम रद्द केले. म्हशीचे मांस या बंदीत नाही. त्यामुळे येथील पातेल्यात आज जे 'मोठ्याचे' येते ते म्हशीचे. अवर्षणाच्या वर्षी भाकड बैल विकून चार पैसे उभे करण्याची शेतकऱ्याची वाटही या दुरुस्तीने अरुंद झाली. हा प्रश्न केवळ खाणाऱ्यांचा नाही, हे येथे नोंदवून ठेवतो.

कृतीचे म्हणाल तर कुकरने सरपणाचा जुना प्रश्न सोडवला आहे. म्हशीच्या पिंढरीचे अर्धा किलो मांस लहान तुकडे करून, हळद, मीठ, आले-लसूण लावून, कांद्यावर परतून, पाणी घालून कुकरमध्ये अर्धा-पाऊण तास मंद आचेवर ठेवावे. झाकण उघडल्यावर मांस बोटाने तुटत नसेल तर आणखी थोडा वेळ द्यावा, घाई करू नये. मग मराठवाड्याचा येसर, म्हणजे भाजलेली धान्ये आणि मसाले यांची पूड, दोन चमचे पाण्यात कालवून त्यात ओतावी. येसराने रस्सा दाट होतो, वेगळे वाटण लागत नाही. रस्सा सैलसर ठेवावा, कारण पीठ पाणी पिते. तो खळखळ उकळू लागला की कणकेच्या चकोल्या एकेक करून सोडाव्या आणि दहा-बारा मिनिटे शिजू द्याव्या. पास्त्याचे पाकीट आणायची गरज नाही. शक्य असल्यास कणीक बन्सी किंवा खपलीची घ्यावी, म्हणजे तुकडे रश्श्यात विरघळत नाहीत.

या कृतीत आमची भर काहीच नाही. येसर, चकोल्या आणि मोठ्याचा रस्सा हे तिन्ही याच जिल्ह्याचे आहेत आणि त्यांना एका भांड्यात आणायला तांत्रिक अडचण अशी कधीच नव्हती. ज्यांना हे मांस खायचे नाही त्यांनी ते खावे असा आमचा आग्रह नाही, आणि ज्यांच्या आजोबांनी ते स्वाभिमानाने सोडले त्यांच्यापुढे ते नव्याने वाढण्याचा अधिकारही आम्हाला नाही. परंतु चान्या वाळवताना मीठ किती लावायचे, पावसाची चाहूल लागली की दोरी कोठे बांधायची, कोणत्या अवयवाचे मांस आधी खायचे आणि कोणते साठवायचे, हे ज्या बायांना ठाऊक आहे त्या आज ऐंशीच्या घरात आहेत. त्यांच्या वस्तीतला कोणी नातू किंवा नात वही घेऊन त्यांच्यापाशी बसली, तर जिल्ह्याच्या इतिहासाचे एक प्रकरण लिहून होईल. ते लिहिले गेले, तर वर्गात मोठ्याने वाचण्याची सोय आम्ही नक्की करू.